धरणाला पाझर फुटला तर? धरण सुरक्षेवर वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की धरणांविषयीची पत्रं वाढतात. नाशिक जिल्ह्यात एकीकडे १९११ चं चणकापूर आणि १९१६ चं दारणा अजून पाणी धरून आहेत, दुसरीकडे गावोगावचे पाझर तलाव आहेत, ज्यांचं वय विचारायला कोणी जात नाही. आलेल्या पत्रांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत.

दिंडोरी रोडवर ‘मेरी’च्या, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आवारात धरण सुरक्षितता संघटना आहे. धरणं जलसंपदा विभागाची, मग ही संघटना वेगळं काय करते? (म्हसरूळ)

धरण ज्याच्या ताब्यात, तपासणी त्याचीच जबाबदारी. त्या विभागाचे अभियंते वर्षातून दोनदा धरण पायी फिरून ठरावीक नमुन्यात अहवाल भरतात. संघटना ते अहवाल छाननीला घेते, महत्त्वाच्या धरणांची स्वतः पाहणी करते आणि सापडलेल्या त्रुटींची वर्गवारी करते. राज्यात हे काम १९८० पासून, म्हणजे केंद्राचा धरण सुरक्षा कायदा यायच्या चाळीस वर्षं आधीपासून चालू आहे.

दोनदा कशासाठी, तर दोन वेळी दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एप्रिल-मे मध्ये पाणी खाली गेलेलं असतं, म्हणून पाण्याकडच्या उताराचं दगडी पिचिंग, विमोचकाचं (धरणातून पाणी बाहेर सोडायच्या वाटेचं) तोंड, दरवाजांचे खालचे भाग उघडे पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरण भरलेलं असतं, म्हणून गळती दिसते. मे महिन्यात ‘गळती नाही’ असा शेरा मारणं सोपं असतं आणि त्याला अर्थही नसतो.

त्रुटींचे वर्ग तीन. पहिल्या वर्गातली त्रुटी धरण फुटण्यापर्यंत नेऊ शकते, तिथे थांबायची सोय नाही. दुसऱ्या वर्गातली त्रुटी मोठी असते आणि लवकर दुरुस्त व्हायला हवी. तिसऱ्या वर्गात किरकोळ कामं येतात. आमच्या मते लक्ष ठेवावं ते दुसऱ्या वर्गावर. पहिल्या वर्गाची त्रुटी निघाली की सगळे धावतात. दुसऱ्या वर्गाची त्रुटी मात्र निधीची वाट पाहत त्याच शब्दांत वर्षानुवर्षं पुढच्या अहवालात उतरत राहते. माहितीच्या अधिकारात आपल्या भागातल्या धरणाचा तपासणी अहवाल मागवलात, तर ही त्रुटी पहिल्यांदा कोणत्या साली नोंदवली गेली, हे आधी बघा.

आमच्या गावच्या पाझर तलावाच्या बांधाखाली ओल आली आहे. पूर्वीही असायची, पण यंदा लव्हाळा वाढला आहे. काळजी करावी का? (सिन्नर तालुका)

आधी एक लक्षात घ्या : पाझर तलाव मुरण्यासाठीच बांधलेला असतो. त्याच्या पायाखालून पाणी झिरपून खालच्या विहिरींना जावं हाच हेतू. म्हणून बांधाच्या पायथ्याच्या पलीकडे ओल दिसली की लगेच घाबरायचं कारण नाही. पाणी कुठून येतंय, कसं येतंय आणि वाढतंय का, या तीन गोष्टी तपासायच्या.

कुठून : पायथ्याला किंवा त्याखाली नाल्यात ओल असणं वेगळं आणि बांधाच्या उतारावर मध्येच ओल फुटणं वेगळं. चांगल्या मातीच्या बांधात आत काळ्या मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण असतं आणि पायथ्याशी वाळू-खडीचा फिल्टर व दगडी पायथा असतो. गाभ्यातून जे थोडं पाणी पार होतं, ते फिल्टर गोळा करून खाली सोडतं. उताराच्या अर्ध्या उंचीवर ओल आली म्हणजे पाण्याने ही वाट सोडली. सगळ्यात वाईट जागा म्हणजे विमोचकाच्या नळाची बाजू. नळाला लागून माती नीट धुमसता (ठोकून घट्ट बसवता) येत नाही, रोलर तिथे पोचत नाही, मग काँक्रीट आणि माती यांच्या सांध्यातून पाण्याला वाट मिळते. पानशेतचं बांधकाम पूर्ण झालेलं नसताना पाणी अडवलं गेलं, विमोचकावरचा भराव खचत गेला आणि १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं. त्याच्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही गेलं.

कसं : पाण्याची पारदर्शक बाटली भरून अर्धा तास हलवू नका. तळाशी गाळ बसला, तर पाणी बांधातली माती घेऊन येतंय. याला अभियंते पायपिंग म्हणतात. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी मातीचे कण सुटतात, भोक मागे मागे कोरत तलावाच्या दिशेने जातं. भोक लांबलं की पाण्याला पार करायचा पल्ला कमी होतो, वेग वाढतो, आणखी कण सुटतात. शेवटच्या टप्प्यात हे काही तासांत उरकतं. स्वच्छ पाण्याची मोठी धार महिनोन्‌महिने वाहिली तरी एक वेळ चालेल. बोटाएवढी गढूळ धार चालत नाही. सपाट जमिनीवर पाणी उकळल्यासारखं वर येऊन भोवती बारीक मातीचं कडं साचत असेल, तर तो उमाळा. त्याची बातमी त्याच दिवशी द्यायची.

वाढतंय का : याला डोळ्याचा अंदाज उपयोगाचा नाही. पाणी एका पन्हाळीत घ्या, १५ लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागले ते लिहा. ३० सेकंदांत भरली म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. शेजारी तारीख आणि त्या दिवशीची तलावाची पाणीपातळी लिहायला विसरू नका, कारण पातळी वाढली की गळती वाढणारच. पातळी तीच असताना, किंवा उतरत असताना गळती वाढली, तर ती धोक्याची खूण.

मोठ्या धरणांवर हेच काम ‘व्ही’ आकाराच्या खाचेने होतं. ९० अंशाच्या खाचेतून पाण्याची उंची ५ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर जातं, १० सेंटीमीटरला सुमारे साडेचार लिटर आणि २० ला जवळजवळ २५ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं. ‘थोडीशी वाढली आहे’ असा शेरा या खाचेपाशी लिहिणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका : बाहेरच्या अंगाने माती, प्लास्टिक किंवा सिमेंट टाकून भोक बुजवू नका. गाव जमलं की पहिलं हेच होतं. आतला दाब तसाच राहतो, उलट वाढतो, आणि पाणी चार हातांवर दुसरीकडून फुटतं. उमाळ्यावर करायचं ते उलट्या फिल्टरचं काम. आधी जाड वाळूचा वीतभर थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी. पाणी वाहतं ठेवायचं, माती अडवायची. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करून आत पाणी थोडं तुंबू दिलं की दाबातला फरक कमी होतो आणि धार निवळते. अभियंता येईपर्यंत साहित्य जागेवर आणून ठेवणं गावाच्या हातात आहे. विमोचक उघडून तलावाची पातळी उतरवायची की नाही हे त्याने ठरवायचं. सांडवा फोडण्याचा उद्योग गावाने स्वतःहून करू नये.

तुमच्या पत्रातल्या लव्हाळ्याविषयी : लव्हाळा, पाणकणीस ही झाडोऱ्याची जात कायमच्या ओलीवरच टिकते. उन्हाळ्यातही हिरवा राहिलेला पट्टा खुंट्या ठोकून आखून घ्या. पुढच्या वर्षी तो खुंट्यांबाहेर गेला का, हे सांगायला मग कोणाच्या आठवणीची गरज उरणार नाही.

२०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं होतं. खेकडे खरंच धरण फोडतात? (निफाड)

खेकडे, घुशी, उंदीर, साळिंदर बांधात बिळं करतात हे खरं. बीळ म्हणजे पाण्यासाठी आयती कोरलेली वाट, त्यामुळे झिरपण्याचा पल्ला कमी होतो. म्हणूनच तपासणीच्या नमुन्यात बिळांची नोंद असते आणि ती खणून, ओलसर माती थराथराने धुमसून भरायची असतात. वरून दगड कोंबणं म्हणजे भरणं नव्हे.

पण पायथ्याशी कित्येक मीटर रुंद असलेला बांध खेकड्याने आरपार पोखरला आणि कोणालाच दिसलं नाही, असं होत नाही. तिवरे २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. बिळं सापडणं हा तपासणीचा विषय, आणि तपासणी माणसांनी करायची असते.

वनमहोत्सवात आमच्या शाळेने तलावाच्या बांधावर झाडं लावायचं ठरवलं आहे. मातीची धूप थांबेल ना? (कळवण)

कृपा करून लावू नका. हरळीसारखं गवत धूप थांबवायला पुरेसं आहे आणि तेच हवं. झाडाची मुळं ओलीच्या शोधात गाभ्याकडे जातात. वादळात झाड उन्मळलं तर मुळांसकट उताराचा मोठा लचका निघतो. झाड मेलं किंवा तोडलं तर काही वर्षांत मुळं कुजतात आणि आत नळ्या तयार होतात. शिवाय झाडोऱ्याखाली ओल, भेगा, बिळं काहीच दिसत नाही, आणि तपासणीला येणारा माणूस माथ्यावरूनच परत जातो.

बाभूळ, सुबाभूळ मनगटाएवढी व्हायच्या आत मुळासकट काढावी. मोठं झाड असेल तर बुंध्यापाशी नुसतं कापून थांबू नये. मुळांचा गड्डा खणून काढून खड्डा धुमसून भरावा लागतो, आणि तेही तलाव रिकामा असताना. तुमची झाडं पाणलोटात वरच्या बाजूला लावा. गाळ कमी होईल, तलावाचं आयुष्य वाढेल.

मातीचं धरण भक्कम की दगडी? (नाशिक रोड)

दोन्ही भक्कम असतात, फक्त मरण वेगळं. मातीच्या धरणावरून पाणी वाहणं चालत नाही. माथ्यावरून धार गेली की बांध कापला जातो. नाशिकजवळचं गंगापूर धरण मातीचं आहे, म्हणून सांडव्याची क्षमता हा त्याचा जीव. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणात पायाखालून वर ढकलणारा पाण्याचा दाब बघावा लागतो. तो कमी करायला गॅलरीत, म्हणजे धरणाच्या पोटातल्या बोगद्यात, भोकं पाडलेली असतात. चुन्याचा पांढरा थर बसून ती बुजतात आणि दाब चढतो. गॅलरीतली गळती एकाएकी कमी झाली, तर आनंद करण्याआधी ती भोकं साफ करून बघायची.

दर पावसाळ्यात गंगापूरमधून पाणी सोडतात आणि दुतोंड्या मारुतीला पाणी लागतं. धरण आधीच रिकामं ठेवलं तर शहराला पूर येणार नाही, मग तसं का करत नाहीत? (पंचवटी)

थोडा हिशेब करू. गंगापूरचा साठा सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, तेव्हा १० हजार क्युसेकने तासाभरात ३६ दशलक्ष घनफूट पाणी जमा होतं. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला जोराचा पाऊस होऊन ४० हजार क्युसेकची आवक झाली, तर तासाला १४४. म्हणजे धरणाचा शेवटचा दहा टक्के रिकामा भाग चार तासांत भरतो. त्यानंतर येईल तेवढं सोडावंच लागतं, आणि नेमकं तेव्हाच शहरात नासर्डी आणि वाघाडीचं पाणी गोदेला भिडलेलं असतं.

म्हणून जलाशयाचं वेळापत्रक ठरलेलं असतं : कोणत्या तारखेला पातळी कुठवर जाऊ द्यायची. जुलैत जागा राखायची, सप्टेंबरात भरून घ्यायचं. ओढाताण इथेच असते. जागा राखली आणि पुढे पाऊस दडी मारून बसला, तर नाशिकच्या नळाला आणि शेताला पाणी नाही, शिवाय खाली जायकवाडीचा वाटा असतोच. त्यामुळे वेळापत्रक धुडकावून लवकर भरून घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यात मातीच्या धरणाची पातळी ठरलेल्या रेषेच्या वर कधीच जाऊ द्यायची नसते. शहर आणि बांध यांत निवड करायची वेळ आली, तर आधी बांध वाचवायचा, कारण बांध गेला तर शहरही राहणार नाही. विसर्ग ५०० क्युसेकपासून टप्प्याटप्प्याने वाढवला जातोय आणि आधी सूचना मिळतेय, तर यंत्रणा काम करते आहे असं समजा.

तुंगभद्रा धरणाचा दरवाजा वाहून गेला तसं आपल्याकडे होऊ शकतं? (ओझर)

१० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रेच्या ३३ दरवाजांपैकी १९ व्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा गेला. बाकीच्यांवरचा भार कमी करायला सगळे दरवाजे उघडावे लागले. दरवाजापुढे तात्पुरता अडसर म्हणून सोडायच्या लोखंडी फळ्या, म्हणजे स्टॉपलॉग, तिथे तयार नव्हत्या. त्या बनवून आठवड्याभरात वाहत्या पाण्यात बसवल्या गेल्या.

दरवाजे कुठलेही असोत, दुखणी सारखीच. तारदोराच्या आतल्या पदरांना गंज चढतो, बाहेरून ग्रीस मात्र चकचकीत दिसतं. दोराचे तुटलेले धागे चिंधी फिरवून मोजायचे, चिंधी अडकते तिथे धागा तुटलेला. रबरी सील कडक होतात. वक्राकार दरवाजाच्या बिजागरीत वंगण पोचलं नाही तर घर्षणाने बाह्या वाकतात. पावसाळ्याआधी प्रत्येक दरवाजा विजेवर, मग जनरेटरवर आणि मग हाताने उचलून बघायचा असतो. जनरेटर ‘चालू आहे’ एवढं पुरत नाही. तो दरवाजाचा भार घेऊन चालतो का, ते बघायचं. पूर आणि वीज जाणं एकाच रात्री होतं.

नदीकाठी प्लॉट घेतोय. निळ्या रेषेबाहेर आहे, म्हणजे धरण फुटलं तरी सुरक्षित ना? (आनंदवल्ली)

नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुरासाठी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या. त्यातही ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचं कर्ज काढलंत, तर त्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के.

धरण फुटल्यावर पाणी कुठवर जाईल याचा नकाशा वेगळा असतो. तो आपत्कालीन कृती आराखड्यात असतो : पाणी कोणत्या गावात किती वेळात, किती उंचीने पोचेल, कोणी कोणाला कळवायचं, लोकांनी कुठे जायचं. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ ला लागू झाला. जुन्या धरणांचे आराखडे आणि तज्ज्ञांकडून पहिली सर्वंकष तपासणी यांना कायद्याने पाच वर्षं दिली, म्हणजे २०२६ ची अखेर. आराखडा ग्रामपंचायतीत किंवा तहसीलला आहे का, आणि त्यातले फोन नंबर लागतात का, हे बघायला तज्ज्ञ लागत नाही.

या कायद्यात शिक्षा कोणाला होते? आमचा तलाव त्यात येतो का? (बागलाण)

कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरमधली धरणंही येतात, पण अटी आहेत : लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर, किंवा पाया अवघड, किंवा रचना वेगळी. यातली एक अट पुरते. गावचे बहुतेक पाझर तलाव याच्या बाहेर राहतात. ते जिल्हा परिषदेकडे किंवा मृद व जलसंधारण विभागाकडे असतात, आणि आमच्या मते खरी पोकळी तिथे आहे.

शिक्षा आहे ती तपासणीत अडथळा आणल्याबद्दल किंवा दिलेले निर्देश न पाळल्याबद्दल : एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, त्यातून जीवितहानी झाली तर दोन वर्षांपर्यंत. गुन्हा शासकीय विभागाचा असेल तर विभागप्रमुख जबाबदार. मात्र या कायद्याखाली सामान्य माणसाला थेट कोर्टात जाता येत नाही. तक्रार सरकारने किंवा याच कायद्याने नेमलेल्या यंत्रणेने करायची. ज्यांनी कारवाई करायची, त्यातले बरेचसे त्याच खात्याचे. बुडालेल्यांच्या नुकसानभरपाईचं कलमही त्यात नाही.

रात्री गळती वाढलेली दिसली तर कोणाला आणि काय सांगायचं? (दिंडोरी तालुका)

धरणाचा चौकीदार आणि शाखा अभियंता यांचे नंबर दिवसाच घेऊन ठेवा. ते लागले नाहीत तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. सोबत तलाठी आणि पोलीस पाटील यांना कळवा. खालच्या वस्तीला उठवायचं काम त्यांच्याशिवाय होत नाही.

‘धरण फुटतंय’ एवढंच सांगितलंत तर पलीकडचा माणूस आधी तुमच्याशी वाद घालेल. धरणाचं आणि गावाचं नाव, पाणी गढूळ की स्वच्छ, धार केवढी, पायथ्याला की उतारावर, विमोचकापासून किती पावलांवर, पाणी माथ्यापासून किती खाली आहे, हे सांगा. मोबाईलवर फोटो काढताना शेजारी छत्री किंवा काठी ठेवा, म्हणजे आकार कळतो. आणि डावी-उजवी बाजू सांगताना पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून, धरणाकडे पाठ ठेवून सांगा. अभियंते तसंच मोजतात, नाहीतर जीप अंधारात पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहील.